घर तुझं, मग करार भावाच्या नावानं का?

ताई, नमस्कार.

मी २६ वर्षांची. गाव जत तालुक्यात, पूर्व भागात. मिरजेला एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, हातात २४ हजार येतात. तीन वर्षं सांगलीच्या विश्रामबागेत कॉट बेसिसवर राहतेय, एका खोलीत चौघी. नाइट करून सकाळी येते तेव्हा बाकीच्या उठलेल्या असतात. मिक्सर, फोन, रील्स. झोप होत नाही. म्हणून स्वतंत्र वन आरके शोधतेय. दोन महिने 'फक्त फॅमिलीला देणार' हे ऐकून कान किटले. एका ठिकाणी सगळं ठरलं होतं. तेवढ्यात आईचा फोन आला, मी कानडीत बोलले, आणि दुसऱ्या दिवशी 'आमच्या पाहुण्यांना लागतीय खोली' असा निरोप. एजंट म्हणतो, लग्न झालंय, नवरा पुण्याला आहे असं सांगा. माझ्या एका मैत्रिणीनं मंगळसूत्र घालून घर मिळवलंय. नदीकडच्या बाजूला साडेचार हजारांत खोल्या आहेत, तिथं कुणी फारसं विचारतही नाही, पण तळमजला.

आता विश्रामबागेतच एक घर मिळतंय. भाडं ६,५००, डिपॉझिट ४० हजार रोख. मालकीणबाईंना करार वडिलांच्या किंवा भावाच्या नावानं हवा, तोही स्टॅम्पपेपरवर नोटरी करून. पुरुषमाणूस वर यायचा नाही, भाऊसुद्धा. रात्री दहाला गेट बंद. घेऊ का? भाऊ म्हणतो, 'एक-दोन वर्षांत लग्न होणारच आहे, कशाला वेगळं घर?' मी हट्ट करतेय का?

जतची एक वाचक

---

प्रिय मैत्रिणी,

या अटींवर हे घर घेऊ नकोस. पण एवढ्यात सोडूनही देऊ नकोस. मालकीणबाईंशी एकदा समोर बसून बोल. तुझं पत्र वाचून मला तरी त्या वाईट वाटल्या नाहीत, घाबरलेल्या वाटल्या. घाबरलेल्या माणसाशी बोलता येतं.

आधी गेटचं बघू. तू ते शेवटी, जाता जाता लिहिलंस, पण माझ्या मते तीच अट घर मोडणारी आहे. दुपारची शिफ्ट नऊला सुटायची म्हणतात, आणि पावणेनऊला इमर्जन्सीचं सॅम्पल येतं. ते लावा, रिपोर्ट सोडा, पुढच्या माणसाला सांगा, गाडी काढा. मिरजेहून विश्रामबागेत येईपर्यंत दहा वाजून दहा मिनिटं. आता गेटवर उभी राहून बेल मारणार, आतून लाइट लागणार, काका लुंगी सावरत किल्ली घेऊन येणार, 'रोजचंच झालं' असं कुणीतरी आत पुटपुटणार. असं महिन्यातून चार वेळा झालं की पुढच्या दिवाळीपर्यंत तू तिथं टिकत नाहीस, मग करार कुणाच्याही नावानं असो. म्हणून गेटची एक किल्ली तुझ्याकडे हवी, आणि हे पैसे द्यायच्या आधी ठरायला हवं. ड्यूटीचा तक्ता त्यांना एकदा दाखव, म्हणजे रात्रीचं बाहेर असणं म्हणजे काय ते कळेल. दर महिन्याला मात्र पाठवायची सवय लावू नकोस. भाडेकरूनं हजेरी द्यायची नसते.

आता नावाचं. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण 'भावाच्या नावानं असलं तर काय बिघडलं, भाऊच तर आहे' असं तुला दहा जण सांगतील.

करारात ज्याचं नाव, घर त्याच्या ताब्यात. भावाचं नाव असेल तर कागदावर त्या घरात भाऊ राहतोय आणि तू त्याच्याकडे आलेली. डिपॉझिट त्याला परत मिळणार. घर सोडायची नोटीस तो देणार. गॅस कनेक्शन घ्यायला, आधारवरचा पत्ता बदलायला, बँकेला राहत्या पत्त्याचा पुरावा द्यायला तुझ्याकडे तुझ्या नावाचा कागद नसणार. आणि तूच लिहिलंयस की त्याला तुझं हे वेगळं राहणं पटलेलं नाही. उद्या एखादं स्थळ आलं, तू नाही म्हणालीस, घरात ताणाताणी झाली, तर मालकीणबाईंना एक फोन करून तो तुझं घर बंद करू शकतो. करेलच असं नाही. माणूस चांगला असेल, असणारच. पण तुझ्या पगारातून भाडं जाणार आणि किल्ली त्याच्या मर्जीवर राहणार, अशी व्यवस्था आपण होऊन कशाला करायची?

मालकीणबाईंना भावाची सही का हवीय, तेही बघ. काही झालं तर फोन कुणाला करायचा, एवढीच बहुतेक वेळा ती चिंता असते. मग तेवढंच दे. नोंदणीच्या वेळी दोन साक्षीदार लागतात. वडिलांना साक्षीदार म्हणून उभं कर. त्यांचं आधार, त्यांचा नंबर, त्यांचा अंगठा, सगळं त्या कागदावर येतं, आणि घर मात्र तुझ्या नावावर राहतं. वडील एकदा जतहून येतील, चहा पितील, 'आमची पोरगी शांत आहे हो' म्हणतील. या चहाचा उपयोग कुठल्याही कलमापेक्षा जास्त होतो, हे मला फारसं आवडत नसलं तरी खरं आहे.

आणि नोटरी नको, नोंदणी हवी. '११ महिन्यांचा आहे, नोंदणीची गरज नाही' हे सांगलीत काय, अख्ख्या महाराष्ट्रात ऐकायला मिळतं. एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नाही, हा नोंदणी कायद्यातला जुना नियम लोकांच्या डोक्यात बसलाय. पण आपल्या राज्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत कितीही असो, लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी) असला तरी. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. नाही केली तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वाद झाला तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. हे बाईंना दम देण्यासाठी नाही सांगत. त्या पाच हजारांनी त्यांचं काही जाणार नाही आणि तुझं घर मात्र जाईल. सांगायचंच असेल तर दुसरी बाजू सांग.

ती अशी. सांगली-मिरजेच्या जुन्या भागात असे वाडे आहेत जिथं भाडेकरूंची तिसरी पिढी राहते आणि भाडं अजून दोन आकडी आहे. १९४७ च्या जुन्या मुंबई भाडे कायद्यानं भाडेकरूला एवढं संरक्षण दिलं होतं की मालकांनी त्याचा धसका घेतला, आणि तो धसका मुला-नातवंडांपर्यंत उतरला. तुझ्या मालकीणबाईंच्या माहेरी किंवा सासरी असा एखादा खटला चालला असणारच. 'कागदावर नाव घालायचं नाही, नोंदणी तर नाहीच' हे त्या भीतीतून येतं. आणि इथंच त्यांचं उलटं होतं. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स असेल तर मुदत संपल्यावर त्यांना कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन घर परत मागता येतं. लेखी करार तिथं निर्णायक पुरावा धरला जातो, आणि भाडेकरू मुदतीनंतर जितके दिवस अडून बसेल तितक्या दिवसांचे दुप्पट पैसे त्याच्याकडून वसूल होऊ शकतात. म्हणजे नोंदणीनं घर जात नाही, घर परत मिळायची सोय होते. हे शांतपणे सांगितलंस तर मला वाटतं त्या ऐकतील. 'आमचे हे विचारून सांगतील' म्हणाल्या तर काकांनाही बसव.

खर्चाचीही भीती घालतात, म्हणून आकडे जवळ ठेव. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या पाव टक्का असतं. ६,५०० भाडं, ११ महिने आणि डिपॉझिट ४० ऐवजी घासाघीस करून २० हजार धरलं तर ते दोनशे रुपयांच्या आसपास येतं. नोंदणी फी महापालिका हद्दीत हजार. वर करणाऱ्याची मजुरी. सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात रांगेत उभं राहावं लागत नाही. हे काम करणारे लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतात, सोफ्यावर बसून अंगठे होतात. वयस्कर माणसांचे ठसे झिजलेले असतात, मशीन दोन-तीनदा नाही म्हणतं, तेव्हा बोट पुसून पुन्हा. एवढाच काय तो त्रास. हवं तर सगळा खर्च मी करते म्हण, ते तुला परवडेल.

पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायला त्या आधार आणि फोटो मागतील. लगेच दे. आपल्यावर संशय घेतात असं वाटून काही मुली तिथं बिथरतात, तसं करू नकोस. ती माहिती देणं मालकाच्याच अंगावर असतं.

डिपॉझिट ४० हजार म्हणजे सहा महिन्यांचं भाडं झालं. वन आरकेला हे जास्त आहे. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा घातली आहे. राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण घासाघीस करताना आकडा म्हणून चांगला उपयोगी पडतो. तू तीन महिन्यांवर ये. रोख मुळीच नको. खात्यावर टाक आणि 'घराचे डिपॉझिट' असं त्यात लिही. घर सोडल्यावर किती दिवसांत परत आणि कशाचे पैसे कापणार, हे करारात आलंच पाहिजे. रंगाचे पैसे कापायची भारी हौस असते आपल्याकडे. राहायला जायच्या दिवशी सामान लावायच्या आधी मोबाइलवर सगळ्या घराचा व्हिडिओ काढ: भिंतींची ओल, मोरीचा नळ, गिझर, खिडकीची फुटकी काच. आणि तो त्यांनाच पाठवून ठेव. वीज सबमीटरवर असेल तर युनिटचा दर आधी विचार.

राहिली पुरुष पाहुण्यांची अट. मित्र वर नकोत म्हणाल्या तर तो त्यांचा विचार, तू चालवून घ्यायचं की नाही ते तू ठरव; मी तुझ्या जागी पहिले ११ महिने चालवून घेतलं असतं. पण सख्खा भाऊ, वडील वर यायचे नाहीत, हे ऐकायचं नाही. आजारी पडलीस तर? गंमत बघ, सही भावाची हवी आणि भाऊ मात्र नको. हे तू त्यांना हसत हसत विचार, मला वाटतं त्यांनाही हसू येईल.

मंगळसूत्राचं म्हणशील तर तुझ्या मैत्रिणीला मी नावं ठेवणार नाही. दोन महिने पायऱ्या झिजवल्यावर माणूस काय काय करतो. पण तू ते करू नकोस. ते खोटं एकदा बोलून संपत नाही, रोज सांभाळावं लागतं. मकरसंक्रांतीला बाई हळदीकुंकवाला बोलावणार, चार बायका विचारणार, 'मिस्टर काय करतात? कधी येतात?' पुण्याचा नवरा किती शनिवार-रविवार सुट्टी नाही म्हणून चुकवणार? आणि ज्या दिवशी उघडं पडेल, त्या दिवशी तुला काढायला त्यांच्याकडे एक खरं कारण असेल. आत्ता त्यांच्याकडे नुसतीच शंका आहे. शिवाय तुझ्यानंतर तिथं जी एकटी मुलगी विचारायला जाईल, तिला त्या दारातूनच परत पाठवतील.

लग्न झालेलं नाही, एकटी राहणार, रात्रपाळी असते, हे पहिल्या फोनवरच सांग. नकार जास्त येतील, पण फेऱ्या वाचतील. एकट्या माणसाला घर नाकारू नये असा कायदा आपल्याकडे खासगी मालकाला लागू नाही, हे कटू आहे पण आहे. अपार्टमेंटमध्ये मात्र 'सोसायटीचा नियम आहे, बॅचलर नको' असं सेक्रेटरी म्हणाला तर मालकाला विचार, नियम लेखी आहे का. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीप्रमाणे सभासदानं भाडेकरू ठेवताना सोसायटीला कळवायचं असतं आणि कराराची प्रत द्यायची असते, परवानगी मागायची नसते. बऱ्याचदा तो नियम म्हणजे तीन आजोबांचं संध्याकाळचं बाकावरचं मत असतं.

कानडीवरून खोली नाकारली त्यांच्याविषयी मी काय लिहू? मिरजेचे दवाखाने निम्मे कर्नाटकातून येणाऱ्या पेशंटवर चालतात, बाजारात हिंडलं तर कानात मराठीइतकीच कानडी पडते, आणि इथं एका मुलीनं आईला 'ऊट आयतेनु?' (जेवण झालं का?) विचारलं की बिनसलं. आडनाव विचारून गाव काढतात, गाव काढून जात काढतात, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. तुझ्या बाबतीत फोननं त्यांचं काम सोपं केलं एवढंच. ते घर गेलं ते बरं झालं. तिथं तुला रोज खिडकी लावून आईशी बोलावं लागलं असतं.

विश्रामबागेतलं नाही जमलं तर कुठं शोधशील? मिरजेलाच शोध, हॉस्पिटलच्या आसपास. मिशन हॉस्पिटल १८९४ पासून, मेडिकल कॉलेज १९६२ पासून. नर्स, टेक्निशियन, शिकाऊ डॉक्टर यांना खोल्या देण्यात तिथल्या काही गल्ल्यांची हयात गेलीय. रात्री दोनला पांढरा कोट घालून घरी येणारी मुलगी तिथं कुणाला नवी नाही. तुझ्या लॅबमधल्या जुन्या सिस्टरना विचार, एजंटला नंतर. अशा खोल्यांच्या पाट्या लागतच नाहीत. एक जण सोडते आणि दुसरीला सांगून जाते.

विश्रामबागेतच राहायचं असेल तर ज्यांची मुलं पुण्याला किंवा परदेशात आहेत आणि वरचा मजला रिकामा आहे अशी निवृत्त जोडपी बघ. स्वतंत्र जिना असेल तर उत्तमच. त्यांनाही रात्री वर कुणाची तरी चाहूल हवी असते. फक्त एक सांगून ठेवते: तू लॅबमध्ये आहेस म्हटल्यावर आठवड्याभरात काका शुगरचा रिपोर्ट घेऊन येतील, महिन्यात 'घरीच रक्त काढशील का' सुरू होईल. एखाद्या वेळी कर. भाड्यात ते धरलेलं नाही, एवढं लक्षात ठेव.

नदीकडच्या साडेचार हजारांच्या खोल्यांना मी नाहीच म्हणेन. निदान तळमजल्याला. तिथं प्रश्न कमी विचारतात, कारण प्रश्न तू विचारायचे असतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. २००५ आणि २०२१ लाही शहरात शिरलं. दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट, सांगलीवाडी इकडच्या माणसांना आकडे सांगावे लागत नाहीत, जिन्याची कितवी पायरी ते सांगतात. घर बघायला गेलीस की मालकाला नको, समोरच्या दुकानदाराला विचार, 'एकोणीसला इथं कुठवर होतं?' तो हात वर करून दाखवेल. नवा रंग फक्त खालच्या चार-पाच फुटांनाच दिलेला दिसला तर विचारायचीही गरज नाही. शामरावनगरकडे नदी लांब असली तरी पावसाचं पाणी साचतं, तिथंही पहिल्या मजल्याच्या खाली नको. तुझ्यासारख्या नाइट करणाऱ्या मुलीला दुपारी गाढ झोप लागलेली असताना 'पाणी वाढतंय, सामान हलवा' म्हणून कोण उठवणार?

आणि भाऊ. तू हट्ट करत नाहीस. २४ हजारांत ६,५०० भाडं जाऊन घरी थोडे पाठवणं आणि स्वतःचं चालवणं जमतं का, हा हिशेब मांड, आणि तोच त्याच्यापुढे ठेव. तुझं राहणं योग्य की अयोग्य यावर वाद घालू नकोस. लग्न दोन वर्षांत होईल किंवा होणार नाही, पण नाइट करून आल्यावरची झोप या आठवड्यातली आहे. चुकीच्या नमुन्यावर चुकीचं लेबल लागलं तर काय होतं ते तू मला सांगायला नको. झोप नसलेल्या टेक्निशियनच्या हातून ते होऊ शकतं, हे त्याला सांग. सामान हलवायच्या दिवशी त्यालाच टेंपो घेऊन बोलाव. कपाट दुसऱ्या मजल्यावर चढवताना तो वैतागेल, पण घर बघेल, मालकीणबाईंना भेटेल आणि निम्मं बोलणं तिथंच संपेल.

बाईंनी गेटची किल्ली आणि तुझ्या नावाची नोंदणी, या दोन गोष्टी मान्य केल्या तर घर घे. बाकीच्यात थोडं इकडंतिकडं चालेल. या दोन्हींतली एक जरी नाही म्हणाल्या तर अजून महिनाभर चौघींत काढ, कानात कापूस घालून.

तुझी,
ताई

ता. क. – नवरा पुण्याला ठेवायचा सल्ला देणाऱ्या त्या एजंटला कमिशन अंगठे झाल्यानंतरच. 'टोकन द्या, नाहीतर घर जाईल' म्हणाला तर जाऊ दे.